दत्तारामकाकांच्या नूडल्स

दत्ताराम परब कोणालाही “जेवण कसं झालंय?” असं विचारत नसत. त्यांचा प्रश्न जेवणाच्या आधीचा असे आणि तो एकच असे, “किती जणां?” आकडा कळला की ते पडवीतल्या शेगडीकडे वळत आणि तुमच्याशी बोलणं बंद. वाढून झाल्यावर मात्र पंच्याला हात पुसत भिंतीला टेकून उभे राहत आणि प्रत्येकाच्या ताटलीकडे बघत. तोंडाकडे नाही. “तोंड खोटा बोलता, टीचर,” ते मला म्हणाले होते, “ताटली बोलणा नाय.”

मला ते पहिल्यापासून टीचरच म्हणत. माझं घर डिचोलीत, मुळगावला. शाळेतली पहिली नेमणूक मिळाली ती पेडण्यात, मोरजीच्या बाजूला. रोज तीन बसगाड्या बदलून जाणं-येणं जमेना, तेव्हा कोणीतरी परबांच्या घराच्या दोन खोल्या दाखवल्या. मोरजी म्हटलं की लोकांना किनारा आठवतो, अंडी घालायला येणारी कासवं आठवतात. परबांचं घर त्या मोरजीत नव्हतं. ते आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, काजूच्या बागेला लागून होतं. तिथून समुद्र दिसत नसे, आणि काकांना त्याचं काही वाटत नसे. एकतीस वर्षं ते मालवाहू बोटींवर कूक होते. समुद्र त्यांचा बघून झाला होता.

मी राहायला गेले त्याच वर्षी ते कायमचे घरी आले. पाय फाकवून, जमीन हलणार आहे अशा बेताने चालत. वाड्यावरची माणसं कौतुकाने विचारायची, कोरिया बघितलात? ब्राझील बघितलात? काका म्हणायचे, “बंदर बघितलंय. मगे परत किचनात.” पण कुठल्या देशाचा माणूस सकाळी काय खातो हे विचारलं की त्यांची कळी खुले. रशियन इंजिनियर लोणच्याचं पाणी पितो, फिलिपिनो माणसाला तिन्ही वेळा भात लागतो, आणि युक्रेनचा एक कप्तान होता तो सोलकढी मागून मागून प्यायचा. देश त्यांनी असे बघितले होते.

त्यांच्या बायकोला, शालिनीकाकींना, या गोष्टींचं अजिबात कौतुक नव्हतं. बारीक, ताठ बाई. नवरा वर्षातले नऊ-दहा महिने बोटीवर, तेव्हा शेत, काजू, सासूचं आजारपण, प्रकाश आणि नीता या दोन मुलांची शिक्षणं, सगळं त्यांनी एकटीने ओढलेलं. मुलं आता पुण्याला आणि बेळगावला होती. घरात राहिली होती दोन माणसं आणि एक स्वयंपाकघर. आणि त्या दोघांनाही ते स्वयंपाकघर आपलं वाटत होतं.

काका आल्यावर महिन्याभरातली गोष्ट. काकी कसल्याशा लग्नाला दिवसभर बाहेर गेल्या होत्या. संध्याकाळी परत आल्या तर स्वयंपाकघर ओळखू येईना. जड डबे खाली, हलके वर, प्रत्येकावर इंग्रजीत चिकटवलेलं नाव, भांडी आकाराप्रमाणे एकात एक, आणि फळीच्या पुढच्या कडेला बोटभर उंचीची लाकडी पट्टी ठोकलेली, डबे घसरून पडू नयेत म्हणून. काका दारात उभे होते, शाबासकीची वाट बघत.

काकींनी सगळं बघून घेतलं. मग म्हणाल्या, “हयसर काय भूकंप जाता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माहेरी निघून गेल्या. माहेर नदीपलीकडे, सिंधुदुर्गातल्या सातार्ड्याला. भांडण नाही, आवाज नाही. पिशवी भरली आणि गेल्या.

दोन दिवसांनी काका माझ्या दाराशी आले. हातात हळदीचा डबा. “टीचर, हो डबो खंय होतो गो? आदी?”

मला जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगितलं. हळद मिठाच्या बाजूला, चिंचेची बरणी जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, खोबरेलाची बाटली दारामागे. पुढचे चार दिवस मी शाळेतून आले की काका विचारायला हजर. वाल खंय? तिरफळां खंय? ते एकेक चिठ्ठी खरवडून काढत होते. एवढी वर्षं बोटीवर कोणाचं ऐकावं लागलं नव्हतं असा तो माणूस, पण तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. फक्त एकदा म्हणाले, “दुसऱ्याच्या किचनात हात घातलंय मी. बोटीर कोणी माझ्या किचनात असो हात घातलो असतो, तर मी त्याका दर्यात लोटलो असतो.”

आठव्या दिवशी काकी आल्या. डबे जागच्या जागी होते. लाकडी पट्टी काढताना फळीचा पोपडा निघेल म्हणून काका थांबले होते. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. काकी म्हणाल्या, “रवांदी ती पट्टी. मांजर डबे पाडता.”

त्यानंतर काकांनी आपली चूल वेगळी मांडली. मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडापासून चार हातांवर, एक शेगडी, एक फळी, दोन कढया, एक पाटा आणि एक खलबत्ता. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक जुनं जनेल होतं. ते उघडं असलं की काकी इकडचं बघू शकत आणि काका तिकडचं. रोजचा स्वयंपाक काकींचा आणि रविवारचं दुपारचं जेवण काकांचं, असं न बोलता ठरून गेलं. आणि रविवारी काका नूडल्स करत.

मी तोवर नूडल्स म्हणून जे खाल्लं होतं ते पाकिटातलं, दोन मिनिटांत होणारं, नाहीतर म्हापशाच्या हॉटेलातलं कोबी घातलेलं. काकांच्या नूडल्स वेगळ्याच होत्या. सकाळी आठ वाजता शेंगदाणे मंद आचेवर भाजायला बसत. घाई नाही. साल तडकून आपण होऊन सुटली पाहिजे. मग सुपात चोळून पाखडत आणि खलबत्त्यात कुटत, पण पीठ होऊ देत नसत. दाताखाली दाणा लागला पाहिजे. आलं खिसून त्याचे दोन वाटे करत. एक वाटा लसूण-मिरचीबरोबर तेलात परतायचा. दुसरा फडक्यात पिळून त्याचा रस बाजूला ठेवायचा आणि गॅस बंद केल्यावर अगदी शेवटी वरून घालायचा. मी कारण विचारलं तर म्हणाले, “शिजलेला आला पोटासाठी. कच्चा नाकासाठी.”

कुटलेले दाणे नूडल्स उकळलेल्या पाण्यातच सैल करायचे. त्यात थोडा सोया सॉस, माडाचा गूळ, आमसुलाचं, काकांच्या भाषेत सोलांचं, पाणी. नूडल्स पूर्ण शिजवायच्या नाहीत. मध्ये एक दोरा कच्चा राहिला की उतरवायच्या, बाकी त्या रसात शिजतात. ताटलीत वाढताना ताटली अर्धीच भरायची, आणि ताटलीखाली ओलं फडकं घालायचं.

ते ओलं फडकं मला कळेना. पडवीतल्या मेजावर, कुठलीही हालचाल नसताना, प्रत्येक ताटलीखाली ओलं फडकं. एका रविवारी विचारलं तेव्हा त्यांनी वादळाची गोष्ट सांगितली. त्यांनी मला समुद्राची म्हणून सांगितलेली ही एकच गोष्ट.

बोट जपानच्या वाटेवर होती. तीन दिवस समुद्र खवळलेला. बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडायची, की उभी भिंत जमीन व्हायची. बावीस माणसांपैकी अठरा आडवी. पोटात पाणीसुद्धा ठरेना. काकांनी पेज करून बघितली, ती उलटून आली. सूप केलं, ते भांड्यातून उडून छताला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हाताखालचा बुदी नावाचा इंडोनेशियन माणूस म्हणाला, माझी आई मासेमारी करणाऱ्यांसाठी करते ते करूया. आलं भरपूर, दाणे बळ येण्यासाठी, आणि नूडल्स, कारण त्या सांडत नाहीत.

“मी कमरेक दोरी बांधलंय आणि ती शेगडीच्या दांड्याक बांधलंय,” काका म्हणाले. “बुदीन माझी कढय धरल्यान, दोनूय हातांनी. ताटलेखाली वलां फडकां. ताटली अर्धी. पयल्यांदा कप्तानाक दिलंय. तो बिचारो पांढरोफटक. खाल्ल्यान. आमी घड्याळाकडे बघीत रवलों. अर्धो तास झालो. खाल्लेला रवला पोटात. मगे मी आनी बुदी धा वेळा त्या कढयेत नूडल्स केलों.”

गोष्ट संपली. ते उठून भांडी घासायला गेले.

रविवारी पडवीत माणसं जमू लागली. शेजारचे निवृत्त पोस्टमन, समोरच्या घरातल्या दोघी बहिणी, मी, कधी माझ्या शाळेतली एखादी शिक्षिका. नूडल्स खाताना पोस्टमनकाका गार्फ, म्हणजे काटा, बाजूला ठेवून हातानेच खायचे आणि बोटं चाटायचे. त्यांच्या ताटलीकडे बघून काका फार खूश असायचे.

खात नसत त्या एकट्या शालिनीकाकी. त्या सगळ्यांना पाणी देत, कुलेर म्हणजे चमचा देत, वर अजून वाढत. मग आत जाऊन स्वतःसाठी भात आणि कालचं हुमण, माशांची आमटी, घेऊन बसत. “मी शिताचा माणूस. ते दोरे माका गिळणत नाय.” काका आग्रह करत नसत. जनेलातून एकदा आत बघत आणि कढई खरवडू लागत.

याच सुमारास किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याच्या कानावर या नूडल्स गेल्या. तो गाडी घेऊन आला, खाऊन गेला आणि काकांना कूक म्हणून घेऊन गेला. काकींनी इस्त्रीचा शर्ट काढून दिला. चौथ्या दिवशी दुपारी काका परत पडवीत, आलं सोलत.

“काय झालं काका? सोडलंत?”

“जेवण बरा जाय, लोकय बरे,” ते म्हणाले. “पण किचन मागल्या बाजूक, आणि मधे भिंत. ताटली गेली की गेली. कोण खाता, कसो खाता, कायच दिसना नाय. माका खाणारो दिसाक व्हयो. नायतर कोणासाठी केलंय ह्या कसा कळतला?”

काकी आतून ऐकत होत्या. काका विहिरीवर गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. मी वह्या तपासत होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “खाणारो दिसाक व्हयो म्हणे. तीस वर्सां पाच देशांच्या लोकांका जेवण घातल्यानी. प्रकाश झाल्लो तेव्हा बाराव्या दिसा उठून माझी पेज मीच केलंय. दर खेपेक जाताना मी डबो भरून दियी. सोलां, माडाचो गूळ, तिरफळां. एका पत्रात कधी लिवल्यानी नाय, शालिनी, सोलां बरी होती म्हणून. मी म्हणी, दर्यात टाकतत काय कोण जाणे.”

रविवारी त्या नूडल्स का खात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी साडेनऊला काकांचा फोन वाजला. ते कानाला लावून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता. खनिज भरायला मुरगावला एक बोट लागली होती. त्या बोटीवर आता मुख्य कूक होता बुदी. त्याला संध्याकाळपर्यंत उतरायची परवानगी मिळाली होती आणि तो टॅक्सीत बसला होता.

काकांची धांदल उडाली. दाणे होते, आलं होतं. नूडल्स नव्हत्या. आदल्या रविवारी शेवटचं पाकीट संपलेलं, आणि पेडण्याच्या बाजारातलं जे एक दुकान ती पाकिटं ठेवायचं ते रविवारी बंद. म्हापशाला जाऊन यायचं तर बुदी दारात येऊन उभा राहील. पोस्टमनकाका म्हणाले, मासळीचं जेवण करा, पाहुणा खूश होईल. काका नुसते शेगडीसमोर उभे. “बुदीक माझ्या हातचे नूडल्स दिवक व्हये,” एवढंच म्हणत होते.

जनेलातून काकींचा आवाज आला. “शिरवाळे करूया.”

शिरवाळे म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या शेवया. पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी शेवग्यातून, म्हणजे शेवयांच्या साच्यातून, दाबून पाडायचे. एरवी गोड नारळाच्या रसाबरोबर खातात. काका बघतच राहिले.

“असे काय बघतास? पांढरे दोरेच ते. तुमचो रस त्येंच्यार घाला. शेवगो माळ्यार असा, काढा.”

शेवग्याचं काम एकट्याचं नसतं. एकाने गरम गोळा भरायचा, दुसऱ्याने दांडा जोर लावून दाबायचा. काकी भरत होत्या, काका दाबत होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली असतील, पण या दोघांना एका भांड्यावर वाकलेलं मी पहिल्यांदा बघत होते. “हळू,” काकी म्हणायच्या. “आता सोडा. आता दाबा.” आणि काका हळू दाबत होते, सोडत होते.

बुदी आला. बुटका, गोल, पांढऱ्या मिशांचा माणूस. काकांना मिठी मारली आणि दोघेही एकमेकांच्या पोटाकडे बोट दाखवून हसत सुटले. काकींसमोर तो थांबला, हात छातीला लावून वाकला. मग आम्ही सगळे मेजाभोवती बसलो. प्रत्येक ताटलीखाली ओलं फडकं. बुदीने ते बघितलं आणि मेज धरून, बोट कलंडतेय असा आव आणला. काका हसून हसून खाली बसले.

त्याने पहिला घास घेतला. चावला. पुन्हा घेतला. मग ताटलीतलं आमसूल बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवलं आणि मोडक्या इंग्रजीत भराभर काकींना काही सांगू लागला. काकींना समजेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मराठीत सांगू लागले.

बुदी म्हणत होता, माझ्या आईच्या रीतीत चिंच असते. दत्तानं पहिल्या वर्षी चिंचच घातली. मग घरून परत आला तेव्हा त्याच्याकडे एक डबा होता. त्यातली ही काळी सालं तो मोजून काढायचा. दर रविवारी. कोणाला हात लावू द्यायचा नाही. कप्तानाने सोलकढी मागितली तर सांगायचा, आज नाही, संपतील. डबा संपत आला की आम्हाला कळायचं, दत्ता घरी जायचे दिवस आले. आम्ही त्याला विचारायचो, हे कुठे मिळतं? तो म्हणायचा, हे मिळत नाही, हे बायको देते.

मी सांगायची थांबले. काका उठून शेगडीकडे गेले होते आणि काही नसलेली कढई ढवळत होते.

काकींनी त्यांच्या पाठीकडे बघून विचारलं, “मगे ह्या लिवूक काय झाल्ला?”

काका वळले नाहीत. “काय लिवतलंय? सोलां संपली म्हणून? तुका वायट वाटला असता.”

“आणि सोलां बरी म्हणून?”

“ती बरीच असतत.”

काकींनी एक ताटली घेतली, शिरवाळे घेतले, त्यावर दाण्याचा रस ओतला आणि बुदीच्या समोरच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसल्या. काका भिंतीला टेकले. काकी सावकाश खात होत्या. आम्ही सगळे आपापल्या ताटलीत बघत असल्याचं सोंग करत होतो.

“आला जास्त झाला,” काकी म्हणाल्या, आणि अजून वाढून घेतलं.

काका त्यांच्या ताटलीकडे बघत होते. ती पूर्ण पुसली गेली तेव्हा ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन बाहेर आले.

त्या दिवसानंतर रविवारच्या जेवणात दोन तऱ्हा झाल्या. एक रविवार नूडल्स, एक रविवार शिरवाळे. जनेलातून आता वस्तू इकडून तिकडे जात: वाटलेलं खोबरं, ताजी मिरची, आणि पुष्कळ सूचना. बुदी अधूनमधून फोन करायचा आणि काकी फोनवर त्याला मालवणीत विचारायच्या, “बुदीभाऊ, जेवलास?” तो काय समजत होता कोण जाणे, पण उत्तर द्यायचा.

दोन वर्षांनी माझी बदली डिचोलीला झाली. लग्न झालं, मुलगी झाली. फोन व्हायचे, जाणं व्हायचं नाही. गेल्या वर्षी डिसेंबरात मात्र नवऱ्याला आणि मुलीला घेऊन मुद्दाम गेले. रविवार होता. काकांचे केस पूर्ण पांढरे झाले होते, काकी थोड्या वाकल्या होत्या. मुलीला बघून काकांनी विचारलं, “किती जणां? ह्येचा अर्धा धरूचा काय पुरा?” मुलीने “पुरा!” असं ओरडून सांगितलं.

जेवण झालं. नवऱ्याने तीनदा वाढून घेतलं. मुलीने दोन घास खाल्ले आणि जीभ बाहेर काढून बसली. तिखट लागलं होतं.

काका आत वळून म्हणाले, “गो, पोराक तिखट लागला.”

“मगे तुमी इतकी मिरची कित्याक घातलास?” काकी आतून.

“मी खंय घातलंय? आज रस तूच केलंस मगो.”

आतून काकी हसल्या. मी इतकी वर्षं त्या घरात राहिले, पण त्यांना असं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं.

त्या नारळाच्या दुधाची वाटी घेऊन पडवीत आल्या. काकांनी छोटी कढई शेगडीवर ठेवली. दोघं तिच्यावर वाकली. दूध किती घालायचं यावरून लगेच सुरू झालं. काकी म्हणत होत्या सगळं घाला, काका म्हणत होते पातळ होईल, दाणा हरवेल. काकींनी वाटी पुढे केली, काकांनी ती हाताने अडवली. काकींनी त्यांच्या हातावर चापट मारली आणि ओतलं.

आमची शेवटची बस साडेचारची होती. मी म्हटलं, “काका, येतो आम्ही.” कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. काका चमच्याने रस उचलून फुंकर घालत होते, काकी तोंड पुढे करून चव बघायला थांबल्या होत्या. नवऱ्याने घड्याळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं आणि परत कदेलीवर बसला.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “रिक्षा करू.”